रणगाड्यावरची धूळ

दिवाळीच्या सुटीत मातीचा किल्ला केला नाही, असा मुलगा महाराष्ट्रात विरळाच. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांतून डोंगर उभा राहतो, त्यावर आळीव पेरले जाते, आणि शिखरावर महाराज सिंहासनाधिष्ठित होतात. परंतु या किल्ल्याकडे जरा चिकित्सक दृष्टीने पाहिले, तर एक गंमत ध्यानात येते. महाराजांची मूर्ती महादरवाजाहून उंच असते, मावळा बुरुजाएवढा असतो, आणि पायथ्याच्या गावातील गाय घरात मावत नाही. किल्ला करताना कोणी मापे घेत नाही, आणि घेऊही नयेत. तो आनंदाचा खेळ आहे. तथापि लहान वस्तू घडविताना प्रत्येक मापाचा हिशेब ठेवणारे लोकही जगात आहेत. मूळ वस्तूच्या ठरावीक पटीने लहान केलेल्या अशा वस्तूला प्रतिकृती म्हणतात. मुलांनो, आज आपण रणगाड्यांच्या प्रतिकृती रंगविण्याच्या आणि त्यांवर जुनेपण आणण्याच्या कलेविषयी माहिती करून घेऊ.

रणगाड्यांच्या प्रतिकृती बहुधा मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या असतात. ३५ हा आकडा शास्त्रज्ञांनी विचारपूर्वक ठरविला असेल, असे तुम्हांस वाटेल. वस्तुतः तो योगायोगाने ठरला. जपानमधील शिझुओका या शहरात तामिया नावाची कंपनी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने जर्मनांच्या पँथर या रणगाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती तयार केली. ती जमिनीवर चालावी म्हणून तिच्या पोटात एक लहान मोटर आणि बॅटरीचे सेल बसवायचे होते. ते बसतील एवढे पोट ठेवल्यावर जो आकार सिद्ध झाला, तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाएवढा निघाला. पुढे इतर कारखान्यांनीही तेच प्रमाण उचलले, आणि सेलच्या लांबीरुंदीतून निघालेला आकडा जगभर रूढ झाला.

हे प्रमाण नीट समजावे म्हणून थोडे गणित करू. सेंच्युरियन हा इंग्लंडमध्ये तयार झालेला रणगाडा आपल्या सैन्यात अनेक वर्षे होता. तोफेची पुढे आलेली नळी वगळली, तर त्याची लांबी सुमारे ७.६ मीटर होती. तिला ३५ ने भागले म्हणजे जवळजवळ २२ सेंटिमीटर येतात. त्याची रुंदी सुमारे ३.४ मीटर, प्रतिकृतीत ती १० सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक या जगात अवघा ५ सेंटिमीटरांचा होतो. आता हेच गणित उलट करून पाहा. प्रतिकृतीवर कुंचल्याचा हात चुकून १ मिलिमीटर जाडीचा ओरखडा काढला, तर खऱ्या रणगाड्यावर तो ३५ मिलिमीटर रुंद होईल, म्हणजे दोन बोटे मावतील एवढा! जाड हाताने दिलेला रंगही असाच फसवतो. खिळ्यांची डोकी, सांधे आणि बिजागऱ्या त्याखाली बुजून जातात, आणि पोलादी यंत्र पाकात बुडविल्यासारखे दिसू लागते. म्हणून या कलेत रंग नेहमी पातळ करून, एकावर एक असे अनेक हात देऊन चढवितात. पहिला हात अस्तराचा. त्याने वरचा रंग प्लॅस्टिकला धरून राहतो. त्यावर रणगाड्याचा मूळ रंग देतात. कोणी कुंचल्याने देतो, कोणी हवेच्या दाबाने रंगाचे तुषार उडविणाऱ्या लेखणीएवढ्या यंत्राने.

येथवर काम व्यवस्थित झाले तरी प्रतिकृती खेळण्यासारखीच दिसते. सगळी मापे बरोबर आहेत, रंगही बरोबर आहे, मग उणे काय राहिले?

पहिली उणीव सावलीची. खऱ्या रणगाड्यावरील एखादा बोल्ट अंगठ्याहून जाड असतो, आणि उन्हात त्याची स्वच्छ सावली पडते. प्रतिकृतीवर तोच बोल्ट खसखशीच्या दाण्याएवढा होतो. त्याची सावली केसासारखी बारीक पडते आणि डोळ्यांना जाणवत नाही. प्रकाश काही पस्तीस पटींनी लहान करता येत नाही. म्हणून जी सावली सूर्य देत नाही, ती रंगाने द्यावी लागते. काळसर तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करतात, आणि बारीक कुंचल्याचे टोक सांध्याला नुसते टेकवितात. ते पाणीदार द्रव्य आपोआप खाचेतून पळत जाते. वही ओल्या टेबलावर ठेवली म्हणजे पाणी जसे पानांच्या फटीत शिरते, तसाच हा प्रकार. येथे एक युक्ती आहे. खालचा रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक जातीचा असेल, तर तो पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाइनने सहसा विरघळत नाही. त्यामुळे वरचा हात मनासारखा जमला नाही, तर खालच्या रंगाला धक्का न लावता तो पुसून काढता येतो. टर्पेंटाइन वापरताना मात्र खिडक्या उघड्या असाव्यात आणि घरातील मोठे माणूस जवळ असावे, कारण त्याची वाफ श्वासाबरोबर जाणे चांगले नाही.

सावलीच्या उलट काम कोरड्या कुंचल्याचे. कुंचला फिकट रंगात बुडवून कापडावर इतका पुसायचा की, त्यात रंग उरलाच नाही असे वाटावे. मग तो उंचवट्यांवरून हलकेच फिरविला म्हणजे कडा व टोके तेवढी उजळतात. एवढ्याने वस्तूला उठाव येतो. ही रीत १९७० च्या दशकात अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जियममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांसारख्या कारागिरांच्या कामामुळे पुष्कळ लोकप्रिय झाली.

दुसरी उणीव याहून मोठी आहे, आणि ती मापाने किंवा प्रकाशाने भरून निघत नाही. रणगाडा कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हाच काय तो नवा असतो. त्यानंतर तो उन्हात उभा राहतो, पावसात भिजतो, नद्या-नाले ओलांडतो, काटेरी झुडपांतून वाट काढतो. चारपाच माणसे दिवसांतून अनेकदा बुटांसह त्यावर चढतात आणि उतरतात. त्या सर्वांच्या खुणा त्याच्या अंगावर उमटत जातात. त्या खुणा प्रतिकृतीवर उतरविणे, यालाच आपण जुनेपण आणणे म्हणत आहोत. नवशिक्याला हे काम फार सोपे वाटते. तपकिरी रंग घ्यावा आणि चोहोकडे फासावा, झाला गंज. मातकट रंग घ्यावा आणि शिंपडावा, झाला चिखल! परंतु असा रणगाडा जुना दिसत नाही. नुसता घाणेरडा दिसतो. प्रत्येक डागाला कारण लागते, आणि ज्याला ते कारण सांगता येत नाही, त्याने तो डाग देऊ नये, असे माझे मत आहे.

रंग कोठे झिजतो, ते आधी पाहू. तुमच्या शाळेतील जुना लोखंडी जिना आठवा. त्याच्या पायऱ्यांच्या मध्यभागी रंग उडालेला असतो. कोपऱ्यांत तो अजून शाबूत असतो. कठड्यावर जेथे हात पडतात, तो भाग गुळगुळीत होऊन चकाकतो. रणगाड्याचेही तसेच आहे. सैनिक ज्या झाकणातून आत शिरतात त्याची कड, चढताना पाय ठेवण्याच्या जागा, अवजारांच्या पेटीचे कोपरे, पुढच्या चिखलरोधकाच्या कडा येथे रंगाचे पोपडे निघतात. जेथे हात, पाय किंवा झुडूप पोहोचतच नाही, तेथे पोपडे काढण्याचे प्रयोजन नाही. पोपड्यांसाठी वेष्टनातील स्पंजचा एक तुकडा तोडून घेतात, तो गडद तपकिरी रंगात टेकवून कागदावर चांगला टिपतात, आणि मग कडेवर हलकेच दाबतात. स्पंजच्या वेड्यावाकड्या छिद्रांमुळे ठिपकेही वेडेवाकडे उमटतात. माणसाचा हात ठिपके देऊ लागला की ते नकळत रांगेत बसतात. स्पंजला रांग ठाऊक नसते.

पोपडा निघाल्यावर खाली कोणता रंग दिसावा? या एका प्रश्नात कधीकधी रणगाड्याचा सगळा इतिहास दडलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्याचे रणगाडे लिबियातील त्रिपोली बंदरात उतरले. ते युरोपातील भूमीसाठी रंगविलेले होते, म्हणजे गडद राखाडी होते. पिवळ्या वाळवंटात असा रणगाडा दुरूनही नजरेत भरतो. त्यामुळे पुढे त्यांवर वाळूच्या रंगाचा हात दिला गेला. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने आणि सैनिकांच्या बुटांनी तो वरचा रंग घासला गेला, तेव्हा खालून उघडे पोलाद नव्हे, तर तोच जुना राखाडी रंग डोकावू लागला. तेव्हा १९४१ च्या वाळवंटातील जर्मन रणगाडा करताना जो कारागीर पोपड्यांखाली गंज दाखवितो, त्याला ही हकिकत ठाऊक नाही असे खुशाल समजावे. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रशियाच्या बर्फाळ प्रदेशात रणगाड्यांना पांढरा रंग दिला जात होता. तो पुष्कळदा साधा चुनाच असे. घराच्या भिंतीवरचा चुना पावसाने जसा धुऊन निघतो, तसाच तोही ओघळत व घासला जाऊन निघे आणि खालचा रंग वर येई. हा परिणाम साधण्यासाठी कारागीर एक नामी युक्ती करतात. मूळ रंग वाळल्यावर त्यावर केस बसविण्याच्या फवाऱ्याचा एक थर देतात, आणि त्यावर पांढरा रंग चढवितात. फवाऱ्याचा थर पाण्याने सुटतो. म्हणून ओला कुंचला घासला की पांढरा रंग ठिकठिकाणी खऱ्या चुन्यासारखा निघून येतो. येथे झीज रंगवून दाखविलेली नसते, ती प्रत्यक्ष झालेली असते.

गंजाविषयीही पुष्कळांचा गैरसमज असतो. लोखंड, हवा आणि ओलावा एकत्र आल्यावाचून गंज चढत नाही. चाकांच्या धावा रबराच्या असतील तर त्या गंजणार नाहीत. त्यांवर धूळ बसेल. इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या मात्र लवकर गंजतात, कारण त्या इतक्या तापतात की त्यांवरचा रंग जळून जातो, आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला दवाचा ओलावा लागतो. ज्या लोखंडी पट्ट्यांवरून रणगाडा चालतो त्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा जो भाग जमिनीला घासतो, तो सतत घासला जाऊन चकाकत राहतो. खाचांतला भाग तपकिरी व मातकट असतो. ही चकाकी आणण्यास कोणताही महागडा रंग लागत नाही. मऊ शिशाची पेन्सिल उंचवट्यांवर घासली की झाले.

आता धूळ आणि चिखल. धूळ वरून खाली बसते, म्हणून ती आडव्या पृष्ठभागांवर आणि कोपऱ्यांत साचते. पाऊस तिला धुऊन नेतो तेव्हा उभ्या भिंतींवर तिचे सरळ ओघळ उमटतात. असा ओघळ दाखविण्यासाठी मातकट तैलरंगाचा एक बारीक ठिपका देऊन, टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलावलेल्या कुंचल्याने तो वरून खाली ओढावा लागतो. चिखल खालून वर उडतो, म्हणून तो चाकांवर, चाकांमागच्या भिंतीवर आणि मागील बाजूस अधिक असतो. ओला चिखल काळपट दिसतो, वाळलेला फिकट. याचे कारण असे की, कोरड्या मातीच्या कणांमधील फटींत हवा असते आणि तीमुळे पुष्कळसा प्रकाश विखरून परत येतो. फटींत पाणी भरले म्हणजे तितका प्रकाश परत येत नाही. यास्तव जाणता कारागीर एकाच रणगाड्यावर मातीच्या दोनतीन छटा देतो. आदल्या दिवशीचा वाळलेला चिखल फिकट, आणि त्यावर आजचा ओला गडद.

मग अंगणातली खरीच माती का लावू नये? कारण तिचे कण फार मोठे असतात. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण प्रतिकृतीच्या जगात १७ मिलिमीटरांहून मोठा खडा होतो. म्हणून रंगीत खडू खरवडून त्याची पूड वापरतात. ती मऊ कुंचल्याने उचलून खाचांत सोडली की धुळीसारखीच बसते. मात्र पुडीचा रंग कोणत्या मुलखाचा आहे, ते पाहणे आवश्यक आहे. कोकणातील तांबडी माती, मराठवाड्यातील काळी, पंजाबच्या सखल प्रदेशातील नद्यांनी आणलेली फिकट करडी गाळाची माती, या सर्व भिन्न आहेत. चाकांवरची माती पाहून रणगाडा कोठून आला ते सांगता आले पाहिजे.

हे सारे एका प्रसंगास लावून पाहू. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात शकरगडच्या भागात बसंतर नदीजवळ रणगाड्यांची मोठी लढाई झाली. तीत पूना हॉर्स या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी आपल्या सेंच्युरियनमधून झुंज दिली. त्यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला होता. त्यांच्या रणगाड्याचे नाव होते फामागुस्ता. १६ डिसेंबर रोजी त्या रणगाड्यावर तोफगोळा आदळला आणि त्याने पेट घेतला. रणगाडा सोडून बाहेर पडावे, असा आदेश त्यांना बिनतारी यंत्रावरून मिळाला. परंतु आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. तेव्हा त्यांचे वय २१ वर्षांचे होते. मरणोत्तर परमवीरचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

समजा, तुम्हांस त्या दिवशीच्या सकाळचा फामागुस्ता करावयाचा आहे. काय दाखवाल? युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले होते. म्हणजे रणगाडा लढाईच्या धामधुमीत येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. एवढ्या अवधीत पोलादाला भोके पाडणारा गंज चढत नाही. शिवाय ज्या यंत्रावर आपले प्राण अवलंबून आहेत, त्याची निगा सैनिक किती राखत असतील, याचा विचार करा. पट्टे घट्ट आहेत की नाहीत ते तपासणे, तेल घालणे, तोफेची नळी स्वच्छ करणे यांत त्यांचा विसावाही खर्च होतो. तेव्हा गंजाचे भगदाड दाखविणे म्हणजे त्या चौघा सैनिकांवर निष्काळजीपणाचा खोटा आरोप करणे होय. त्याऐवजी तेथे काय असेल? पट्ट्यांत आणि चाकांत करडी माती असेल. चाकांच्या तुंब्यांभोवती तेलाचा काळसर ओलसरपणा असेल. पेट्रोल ओतण्याच्या तोंडाशी सांडल्याचे डाग असतील. बुरुजाच्या झाकणाजवळ बुटांनी धूळ पुसली जाऊन मूळ हिरवट रंग उघडा पडलेला असेल. धूर सोडणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी काजळी असेल. यापलीकडे फारसे काही नको.

काही मुले म्हणतील, अंदाज कशाला करावा. रणगाडाच जाऊन पाहू. पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखले जाणारे अहिल्यानगर हे आपल्या सैन्याच्या रणगाडा दळाच्या शिक्षणाचे केंद्र आहे. फामागुस्ता तेथे जतन करून ठेवलेला आहे. त्याच शहरात १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि तेथे देशोदेशींचे रणगाडे मोकळ्या आवारात मांडलेले आहेत. ते अवश्य पाहावे. बोल्ट कोठे आहेत, सांधा कसा जोडला आहे, पोलादाचा ओतीव पृष्ठभाग किती खरबरीत आहे, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे दुसरे साधन नाही. परंतु त्यांचा रंग पाहून फसू नये. संग्रहालयातील रणगाड्याला ऊनपावसापासून जपण्यासाठी वेळोवेळी नवा रंग देतात. तो रंग आजच्या राखणदारीचा आहे, त्या दिवसाच्या लढाईचा नव्हे. लढाईतील धूळ पाहावयाची तर त्या काळची छायाचित्रे शोधावीत. आणि ती कृष्णधवल असली, तरी धूळ कोठे आहे आणि कोठे नाही, एवढे त्यांत स्पष्ट दिसते.

शेवटचे काम थांबण्याचे, आणि तेच सर्वांत कठीण. पूड बसविली, ओघळ ओढले, काजळी दिली की हात शिवशिवू लागतात. आणखी एक पोपडा, आणखी एक डाग असे करता करता मूळ रंग नाहीसा होतो. म्हणून प्रतिकृती दोन दिवस दृष्टीआड ठेवावी आणि मग एका हाताच्या अंतरावरून पाहावी. ३० सेंटिमीटरांवरून प्रतिकृती पाहणे म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरांवरून पाहण्यासारखे आहे. तेवढ्या अंतरावरून जे दिसणार नाही, ते रंगविण्याची आवश्यकता नाही.

सर्व पुरे झाल्यावर प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवतात. इतकी खटपट करून धूळ बसविलेल्या वस्तूला धुळीपासून जपायचे, हे चमत्कारिक वाटेल. पण घरातील धुळीत कापसाचे धागे असतात, आणि त्यांतला एक सेंटिमीटरभराचा धागा त्या लहानशा बुरुजावर ३५ सेंटिमीटरांच्या दोरासारखा पडून राहतो. तो फुंकरीने जात नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने अलगद उचलावा लागतो, आणि तसे करताना खडूची पूडही थोडी निघून येते. ती पुन्हा लावावी.